मांजराचे पिल्लू निवडताना : रंग आणि आरोग्य

निर्मलच्या लाकडी खेळण्यावर कारागिराने दिलेला रंग घरी आणल्यावरही तसाच राहतो. मांजराच्या पिल्लाचे मात्र तसे नाही. सयामी पिल्ले जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. त्यांच्यातील टायरोसिनेज हे विकर उष्ण भागांत निष्क्रिय राहते. त्यामुळे कान, नाक, पंजे व शेपूट हे तुलनेने थंड अवयवच पुढे गडद होतात. इतर बहुतेक पिल्लांच्या डोळ्यांचा जन्मजात निळसरपणाही सहा-सात आठवड्यांनी पालटू लागतो.

नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीच्या प्रत्येक पेशीत एकच एक्स कार्यरत राहतो, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. म्हणूनच तिरंगी मांजर बहुधा मादी असते. क्वचित आढळणारा तिरंगी नर बहुतेक वेळा एक्सएक्सवाय गुणसूत्रांचा व वंध्य असतो. प्रजननासाठी त्याला जास्त पैसे मोजणे व्यर्थ होय.

रंगापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. निळ्या डोळ्यांच्या शुभ्र पिल्लात जन्मजात बहिरेपण अधिक आढळते. त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहावी. पर्शियन पिल्लाच्या आईबापांची मूत्रपिंडे सोनोग्राफीने तपासली आहेत काय, हे विचारावे. त्या जातीत बहुपुटी मूत्रपिंडविकार आनुवंशिक आहे. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. बारा आठवडे उत्तम. तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस द्यावी. तरीही ते चावले वा ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांना दाखवावी.

रंग कालांतराने उमलेल. आरोग्य मात्र पहिल्याच दिवशी पारखून घ्यावे.