तपासणी आपल्या गरजेची की केसच्या भीतीची?



तेरखेड्यातली एखादी आई साध्या दुखण्यासाठी शहरातल्या दवाखान्यात जाते आणि तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी घेऊन परतते. फटाक्यांच्या कारखान्यातली किंवा शेतातली आठवड्याची मजुरी त्यात जाते. "कमिशनसाठी लिहिले," असे आपण म्हणतो. कुठे ते खरेही असेल. पण आणखी एक कारण असते, आणि ते म्हणजे डॉक्टरांना वाटणारी केसची भीती.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. हा निर्णय रुग्णांच्या हिताचाच आहे. तामिळनाडूत अपुऱ्या दिवसांच्या एका मुलीचे डोळे वेळेत तपासले गेले नाहीत आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. ती तपासणी गरजेचीच होती.

अडचण पुढे आहे. राहून गेलेल्या तपासणीबद्दल केस होते, जादा केलेल्या तपासणीबद्दल सहसा होत नाही. म्हणून काही डॉक्टर "असू द्या" म्हणून जादा लिहितात. पण जादा तपासणीही इजा करते. उदाहरणार्थ, काही त्रास नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची पीएसए ही रक्ततपासणी घ्या. ग्रंथी नुसती वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी आकडा वाढतो. मग कर्करोगाची धास्ती, सुईने तुकडा काढणे आणि कर्ज.

याउलट, खरोखर जीव वाचवणारी तपासणी आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झाली आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ महिला गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न दिलेल्या गटात ६४ गेल्या. त्या ६४ आपल्याच आया-बहिणी होत्या. त्यांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे देशाबाहेरही वाद झाला.

म्हणजे नको ती तपासणी पदरात पडते आणि हवी ती राहून जाते. म्हणून आम्ही सुचवतो:

१. चिठ्ठी हातात आली की नम्रपणे विचारा: "डॉक्टरसाहेब, ही कशासाठी? निकालाने उपचार बदलेल का? आठ दिवस थांबलो तर चालेल का?" मात्र छातीत दुखणे, रक्तस्राव, बेशुद्धी असेल तर थांबू नका.

२. दवाखान्यात "बघून घेतो" ही भाषा नको. त्याने भीती वाढते आणि चिठ्ठीही.

३. हक्क मात्र सोडू नका. मागितल्यावर कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत असा नियम आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षे आहे.

४. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या मोफत सरकारी तपासणीबद्दल आशाताईंना विचारावे. महिला मंडळाने विहारात यादी करून सगळ्यांनी मिळून जावे.

तथागतांनी कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या असे शिकवले. बाबासाहेबांनी हक्क मिळवून दिले. दवाखान्याच्या दारात दोन्ही सोबत असू द्या.