खडकांवरची गाडी : थोडक्यात

वाट : कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतातली, टाहो सरोवराजवळची रुबिकॉन ट्रेल. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. १९५३ पासून इथे ‘जीपर्स जंबोरी’ हा जीपगाड्यांचा मेळावा भरतो. जीपच्या ‘रँगलर रुबिकॉन’ला नाव याच वाटेवरून मिळाले.

वेग : माणसाच्या चालीइतका, अनेकदा त्याहूनही कमी. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो रेशो आणि ॲक्सल यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. तिन्ही ४ असतील, तर तो ६४. तो जितका मोठा, तितकी गाडी सावकाश आणि चाकांना जोर जास्त.

टायर : मोठे, जाड बाजूंचे. हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरून खडकाला धरतो.

डिफरेन्शियल लॉक : एक चाक अधांतरी असले, तरी त्याच ॲक्सलवरचे दुसरे गाडी ओढते.

बचाव : दारांखाली रॉक स्लायडर, पोटाखाली पोलादी पत्रे, पुढे अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच.

खबरदारी : सस्पेन्शन उंचावले की गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी उलटण्याचा धोका वाढतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांवर मर्यादा घालते. म्हणून गॅरेज गाठण्याआधी आरटीओत चौकशी करा.