चहाची परीक्षा, नाव झाकून

टी डेपोत शिरलं की काउंटरमागे डब्यांची रांग दिसते. आसाम ममरी, डस्ट, नीलगिरी, दार्जिलिंग लीफ, शिवाय 'आमचं खास मिक्श्चर'. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत किलोमागे शेकडो रुपयांचा फरक. 'कडक कुठला?' एवढंच आपण विचारतो, दुकानदार बोट दाखवतो आणि पुढची काही वर्षं घरात तोच चहा उकळत राहतो. किमतीतला हा फरक आपल्या जिभेलाही कळतो का, हे तपासणं मात्र अवघड नाही. चार सारखे पांढरे कप, छोटा वजनकाटा, घड्याळ आणि फितूर न होणारा एक साथीदार एवढ्यावर काम भागतं.

झुडूप एकच

या सगळ्या डब्यांतला चहा एकाच वनस्पतीचा, 'कॅमेलिया सायनेन्सिस'चा. तिचे मुख्य प्रकार दोन. एक लहान पानांचा, थंडी सोसणारा चिनी. दुसरा मोठ्या पानांचा, उष्ण-दमट हवेत फोफावणारा आसामी. आसामातले सिंगफो लोक रानातल्या या चहाची पानं पूर्वापार वापरत आले होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या नजरेला तो १८२३ मध्ये पडला. दार्जिलिंगला डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये लावलेली रोपं मात्र चिनी वाणाची होती आणि आजही त्या उतारांवर त्या वाणाचं वर्चस्व आहे.

चहा हिरवा होणार की काळा, हे ठरतं पान खुडल्यानंतर. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तीच क्रिया चहाच्या पानात घडते. पानाच्या पेशीत कॅटेचिन नावाची रसायनं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या. पान चुरगळलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन सामील होतो आणि कॅटेचिनांपासून थिआफ्लॅविन व थिआरुबिजिन तयार होतात. थिआफ्लॅविनमुळे चहाला सोनेरी-नारिंगी झळाळी आणि जीभ जागी करणारा तरतरीतपणा येतो. थिआरुबिजिनमुळे गडद लालसर रंग आणि भरीवपणा. खुडल्याबरोबर पान वाफवलं किंवा कढईत परतलं, तर उष्णतेने विकर निकामी होतं आणि चहा हिरवा राहतो. जपानात वाफवायची पद्धत, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी परतायची. क्रिया अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग, पूर्ण होऊ दिली की काळा चहा.

आपल्या रोजच्या दाणेदार चहाची गोष्ट यानंतरची. १९३० च्या दशकात आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र आणलं. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून पान जातं. चिरडतं, फाटतं, गोल दाणा होऊन बाहेर पडतं. जवळजवळ सगळ्या पेशी फुटल्यामुळे ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं, आणि दाणा बारीक असल्याने कपातही अर्क पटकन उतरतो. पान नुसतं वळून केलेल्या 'ऑर्थोडॉक्स' चहात पेशी कमी फुटतात. तो सावकाश उतरतो, रंगाला फिका पडतो, पण सुगंध जास्त राखतो.

सहा मिनिटं, दोन ग्रॅम

तुलना करायची तर सगळ्या चहांना एकच वागणूक हवी. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये निघालेलं. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतं उकळलेलं पाणी, चिनीमातीचं झाकणाचं भांडं आणि ६ मिनिटं. ज्या ब्रिटिश मानकावरून हे आलं, त्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये साहित्याचं 'इग नोबेल' हे गमतीचं पारितोषिक देऊन जगाने हसून घेतलं. पण थट्टा बाजूला ठेवली तर त्यामागचा विचार पक्का आहे. हे मानक उत्तम चहा कसा करावा ते सांगत नाही. दोन चहांमधला फरक पानाचाच असावा, करणाऱ्याच्या हाताचा नसावा, एवढीच त्याची अट आहे.

घरी कपात १५० मिलिलिटर पाणी घेतलं तर ३ ग्रॅम चहा लागेल. इथे चमचा दगा देतो. सीटीसीचे दाणे चमच्यात दाटून बसतात, दार्जिलिंगची लांब पानं निम्मा चमचा हवेनेच भरतात. म्हणून वजनच करा. चारही कपांत एकाच वेळी पाणी ओता, बशीने झाका, सहा मिनिटांनी गाळा. दूध, साखर, आलं, वेलदोडा, गवती चहा यांना तेवढा वेळ सुट्टी. गवती चहाचा चहाच्या झुडपाशी काही संबंध नाही. ते गवत आहे आणि त्यातला सिट्रालचा लिंबासारखा वास बाकी सगळे वास झाकून टाकतो.

निवड सोपी ठेवा: आसाम सीटीसी, नीलगिरी ऑर्थोडॉक्स, दार्जिलिंग आणि एक हिरवा चहा. उकळत्या पाण्यात सहा मिनिटं ठेवलेला हिरवा चहा कडू होणारच, कारण न बदललेली कॅटेचिनं आणि कॅफिन दोन्ही भरपूर उतरतात. त्याच्यासाठी ८० अंशांच्या आसपासच्या पाण्याची वेगळी फेरी करा. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी मिसळा, काम होतं. या फेरीत कडूपणा मागे सरतो आणि पालेभाजीच्या किंवा डाळीच्या पाण्यासारखी एक रुचकर चव पुढे येते. ती थिआनिन या अमिनो आम्लामुळे. ते १९४९ मध्ये जपानमध्ये ग्योकुरो चहातून वेगळं काढण्यात आलं. ग्योकुरोच्या झुडपांवर खुडणीआधी काही आठवडे सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानातलं थिआनिन टिकतं आणि तुरट कॅटेचिनं कमी बनतात.

भुरक्याचं शास्त्र

गाळल्यावर लगेच तोंड लावू नका. भाजलेल्या जिभेला काही कळत नाही. तोवर रंग पाहा आणि गाळणीतला चोथा हुंगा. ओल्या चोथ्याचा वास बऱ्याचदा कपातल्या चहापेक्षा जास्त सांगून जातो. चहा कोमट-गरम झाला की चमचाभर घेऊन जोरात भुरका मारा. घरात ज्या आवाजाबद्दल मुलांना रागावतात, तोच आवाज चहाच्या लिलाव केंद्रांतल्या चवपरीक्षकांच्या खोलीत दिवसभर चाललेला असतो. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे बारीक थेंब तोंडभर उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग या मार्गाने आलेला वासच असतो. नाक चिमटीत धरून भुरका घेऊन पाहा. आसाम आणि दार्जिलिंग यांतलं अंतर एकदम कमी होईल.

नाक मोकळं ठेवलं की नावं सुचू लागतात. आसामच्या चहात भाजलेल्या धान्याचा, माल्टचा वास मिळतो. नीलगिरीत कधी कधी दुखण्यावरच्या बामची पुसट आठवण येते. तो भास नव्हे, मिथाइल सॅलिसिलेट हे त्या बाममधलंच रसायन तिथे असतं. दार्जिलिंगमध्ये गुलाबाची छटा देणारं जिरॅनिऑल भरपूर. त्याच्या मे-जूनच्या खुडणीत पिकलेल्या द्राक्षांचा जो 'मस्कटेल' गंध येतो, त्यात वाटा आहे तुडतुड्यांचा. आपल्याकडे कापसावर आणि आंब्यावर ज्यांच्या नावाने फवारणी होते, त्याच कुळातला हा किडा. त्याने पानातला रस शोषला की झुडूप बचावासाठी गंधद्रव्यं तयार करतं, आणि झुडपाची ही लढाई आपल्या कपात सुगंध होऊन उतरते. तैवानच्या 'ओरिएंटल ब्यूटी' या ऊलाँगलाही तुडतुडेच हवे असतात, म्हणून तिथले मळेवाले फवारणी टाळतात.

कडू आणि तुरट यांत मात्र घोळ करू नका. कडूपणा जिभेवरच्या रुचिकलिका टिपतात. तुरटपणाचा मार्ग वेगळा. चहातली पॉलिफिनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, गाल, टाळू एकमेकांना खरखरीत लागू लागतात. आयुर्वेदाने कषाय, म्हणजे तुरट, हा सहा रसांतला एक मानला. आजचं संवेदनशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्शात मोजतं. तुरटपणा घोटागणिक साठतही जातो, म्हणून शेवटचा कप उगाच बदनाम होतो. फिक्या चहाकडून गडद चहाकडे जा, मध्ये कोमट पाण्याने चूळ भरा, साध्या पोळीचा तुकडा खा आणि दुसऱ्या फेरीत क्रम बदला.

नाव झाकून

इथपर्यंत सगळं नीट केलं, तरी एक मोठी गडबड शिल्लक राहते. कुठला कप महागाचा ते आपल्याला माहीत असतं, आणि मन जिभेच्या आधी निकाल देतं.

यावरचा उपायसुद्धा चहाच्या टेबलावरच सापडला होता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून ओळखता येतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथेच होते. यातून उभ्या राहिलेल्या प्रयोगाची मांडणी त्यांनी १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स' या पुस्तकात दिली. आठ कप, चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार कप निवडण्याचे प्रकार ७०, म्हणजे सगळे कप निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. प्रत्येक गटातला एकेक कप चुकला, तर तेवढं किंवा त्याहून चांगलं यश नुसत्या अंदाजानेही ७० त १७ वेळा मिळू शकतं, आणि मग दाव्यात दम राहत नाही. फिशर यांच्या या पद्धती भारतातल्या शेती प्रयोगांत रुजवणारं पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये आलं, ते वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांचं.

घरासाठी याहून सोपी 'त्रिकोणी चाचणी' पुरते. साथीदाराने तुमच्या नकळत तीन कप भरायचे. दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. कपांच्या बुडाला तीन आकडी क्रमांक चिकटवायचे, कारण 'अ' आणि 'ब' म्हटलं की 'अ' उगाच पहिल्या नंबरचा वाटतो. रंगावरून ओळखू येत असेल तर डोळे मिटून घ्या. वेगळा कप शोधायचा, एवढंच काम. एका फेरीत नशिबाने जिंकण्याची शक्यता तिनात एक, म्हणून एका विजयाला किंमत नाही. पाच फेऱ्या घ्या. त्यांतल्या किमान चार नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २४३ त ११, म्हणजे शंभरात पाचांहून कमी. चार जमल्या, तर फरक तुमच्या जिभेला खरोखर कळतो असं मानायला हरकत नाही. पाचही फेऱ्या एका बैठकीत नकोत. जीभ थकते आणि कॅफिन झोप उडवतं.

एका वेळी एकच बदल

चहाची ओळख झाली की पुढचे प्रयोग मुलांना सोबत घेऊन करा. एकच चहा दोन कपांत घ्या, एकात लिंबू पिळा. रंग क्षणात फिका पडेल, कारण आम्लात थिआरुबिजिनांचा रंग उतरतो. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, तो गडद होईल. हा दुसरा कप फक्त पाहायचा.

मग पाणी बदला. एका कपाला बोअरचं जड पाणी, दुसऱ्याला फिल्टरचं. जड पाण्याच्या चहावर तेलकट दिसणारी साय धरते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात या सायीचा माग काढला, तेव्हा पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे तिचं मूळ निघालं. दोन गावांत एकाच पुड्याचा चहा वेगळा का लागतो, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. कडक आसाम गाळून तसाच गार होऊ द्या. तो गढूळ झाला तर बिघडला समजू नका. थिआफ्लॅविन आणि कॅफिन एकत्र येऊन तो गढूळपणा येतो आणि चहा गरम केला की विरतो. चांगल्या आसामची ती खूण मानतात.

शेवटी दूध. कोरा चहा घेतल्यावर त्याच चहात दोन चमचे दूध घालून पुन्हा चव घ्या. दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफिनॉलांना आधीच धरून ठेवतं, लाळेची प्रथिनं वाचतात आणि तुरटपणा ओसरतो. या फेरीत निकाल बहुधा उलटतो. कोरा पिताना उठून दिसलेला दार्जिलिंग दुधात हरवतो, आणि कोरा असताना राकट वाटलेला सीटीसी रंगाने, अंगाने, वासाने दुधाला पुरून उरतो.

तेव्हा सरळ हिशेब असा: चहा दूध-साखर-आलं घालून उकळूनच प्यायचा असेल, तर महागड्या लांब पानावर पैसे घालवू नका, ताजा, स्वच्छ सीटीसी त्यासाठीच घडवलेला आहे. कोरा पिणार असाल, तर ऑर्थोडॉक्सला पर्याय नाही. आणि 'आमचं खास मिक्श्चर' घेताना आधी फक्त शंभर ग्रॅम आणा, नेहमीच्या चहाशेजारी नाव झाकून त्याच्या पाच फेऱ्या घ्या. जिभेने होकार दिला तरच किलोभर बांधून मागा.