सुटीतील बाहेरचे जेवण : काय साधते, काय बाधते



शाळा उघडण्याच्या सुमारास आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयात एक ठरावीक रुग्णवर्ग येऊ लागतो. कोणाला अम्लपित्त, कोणाला आध्मान, कोणाला द्रवमलप्रवृत्ती, तर कोणाच्या अंगावर पित्त उठलेले. कारण विचारता उत्तर मिळते, "फिरायला गेलो होतो, बाहेरचे खाण्यात आले." आपण मान डोलावतो, लंघन सांगतो, पाचन देतो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो. सुमारे वीस वर्षांच्या व्यवसायात मीही हेच करीत आलो. परंतु 'बाहेरचे' हा हेतू नव्हे. तो केवळ स्वयंपाकघराचा पत्ता आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'बाहेरचे' या शब्दात नाही. हे मला ग्रंथातून ठाऊक होते. पटले मात्र स्वतःच्या घरातील प्रसंगाने.

मे २०२४ मध्ये आम्ही कुटुंबासह दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावी गेलो. मुक्ताईनगरहून मोटारीने जवळजवळ दीड दिवसाचा प्रवास. सकाळी घरची दशमी-चटणी झाली. दुपारी जेवणाची वेळ टळून गेली म्हणून गाडीतच केळी वेफर्स, बिस्किटे आणि थंड पेय झाले. रात्री साडेअकरा वाजता महामार्गावरील एका ढाब्यावर पनीरची लाल रश्श्याची भाजी, नान आणि वर कुल्फी. पहाटे पाच वाजता उठून रिकाम्या पोटी चहा. दुसऱ्या दिवशी दुपारी कोकणात पोहोचलो तेव्हा घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, भात आणि ताजी सोलकढी असे पान वाढले गेले. इतके समाधानाचे जेवण त्या प्रवासात दुसरे झाले नाही. त्याच सायंकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलास जुलाब सुरू झाले.

माझ्या आईने तत्काळ निदान केले, "हे खोबऱ्याचं जेवण आपल्याला सोसत नाही." सहप्रवाशांनीही तिचीच री ओढली. ओकसात्म्याचा विचार केला तर तिच्या म्हणण्यात अजिबातच तथ्य नव्हते असे नाही. ज्वारी, उडीद, शेंगदाणे आणि काळा मसाला यांवर पोसलेल्या खान्देशी कोठ्याला नारळाचा रस नवा. तथापि, ज्या पानावर सर्वांनी ठपका ठेवला ते देशाच्या दृष्टीने सर्वाधिक निर्दोष होते. देशाच्या गुणांच्या विपरीत गुणांचा आहार त्या देशी सात्म्य होतो, असे सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. कोकणासारख्या आनूप प्रदेशात उष्ण, कफवातघ्न कुळीथ रोजच्या जेवणात रुळला आहे आणि दीपन-ग्राही वृक्षाम्ल, म्हणजे कोकम, पानात असते. हा योगायोग मानावा असे मला वाटत नाही. (सोलकढी मात्र ताजीच हवी. मे महिन्याच्या उकाड्यात नारळाचे दूध आंबायला फार वेळ लागत नाही.)

खरा दोष आदल्या दिवसाचा होता. दुपारचे विषमाशन, मध्यरात्रीचे गुरु भोजन, त्यावर शीत-मधुर कुल्फी, ते पचण्यापूर्वीच पुन्हा चहा-बिस्किटे, म्हणजे अध्यशन. त्यातच ग्रीष्मातील स्वभावतः मंद अग्नी. केव्हाचा रस्सा किती वेळा तापवला होता आणि कुल्फी कोणत्या पाण्याची होती, हे देव जाणे. दूषित अन्नपाण्याची बाधा काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही प्रकट होते. रुग्ण मात्र शेवटच्या जेवणाकडे बोट दाखवतो आणि आपणही त्याचे ऐकतो.

पुढे जे घडले ते सांगताना संकोच वाटतो, पण लिहितो. पहिल्या दोन वेगांनंतरच मी पिशवीतील कुटजघन वटी काढून मुलास दिली. आमातिसारात आरंभी स्तंभन करू नये, हे चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील तत्त्व मी विद्यार्थिदशेत कितीदा घोकले असेन! बाप घाबरला की वैद्य विसरतो. मुलाचे पोट फुगले, मळमळ वाढली आणि वेग थांबले नाहीत. पिशवीत वट्या-चूर्णांच्या नऊ बाटल्या होत्या. जलसंजीवनीची एकही पुडी नव्हती. जवळच्या बाजारातील एका औषध दुकानात 'ओआरएस द्या' म्हटल्यावर फळाच्या स्वादाचे, खोक्यातील तयार पेय हाती आले. नावात ती तीन अक्षरे होती. मी घटकांची यादी वाचली नाही. मुलगा आवडीने पितो आहे, यातच समाधान मानले. रात्री दहापर्यंत त्याचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी थांबली. गावातील डॉक्टरांनी खोका पाहिला आणि शांतपणे तो बाजूला ठेवून एक लिटर पाण्यात खरी पुडी विरघळवली. चमच्याचमच्याने ती पाजल्यावर पहाटे त्याला लघवी झाली.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी येथे थोडे विस्ताराने लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, अशी एकूण २०.५ ग्रॅमची पुडी असते. पूर्वीच्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी ३११ होती. २००२ पासून २४५ चे सूत्र स्वीकारले गेले. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यातून शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते. हे प्रमाण साधले तरच काम होते. साखर फार आणि मीठ अल्प असलेले पेय उलट पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही ग्राहक जुन्या सवयीने खोकाच मागतो. त्याला पुडी देणे आणि 'अर्धी पुडी पेलाभर पाण्यात' असे करू नये हे बजावणे, हे काम गल्ल्यावरच व्हायला हवे. लहान मुलांना याबरोबर जस्ताची मात्राही द्यायची असते. रक्तमिश्रित मल, ज्वर, न थांबणारी वांती किंवा ग्लानी असल्यास पुडीवर विसंबून न राहता रुग्णालयात पाठवावे.

आणखी एक. सहलीला निघणारे ग्राहक 'पोटासाठी काहीतरी' मागतात आणि संजीवनी वटी सहज हाती दिली जाते. तीत भल्लातक आणि वत्सनाभ आहेत. ग्रीष्मात, पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस वा लहान मुलास, वैद्याला न विचारता ती देणे मला मान्य नाही.

आता उलट बाजू. सुटीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्याकडे येतात आणि भर मे महिन्यात दोनच पदार्थ मागतात : शेवभाजी आणि भरीत. आपल्या भरिताच्या वांग्याचा हंगाम थंडीचा. बामणोदच्या बाजूची हिरवी, मोठी वांगी काड्यांवर भाजून, लाकडी भांड्यात ठेचून, कळण्याच्या भाकरीशी हेमंतात खावीत. तेव्हा अग्नीही बलवान असतो. उन्हाळ्यात ते भरीत केवळ नावाचे उरते. शेवभाजीची तर्री उष्ण-तीक्ष्ण आणि शेव बेसनाची, गुरु व विष्टंभी. पारा ४४-४५ अंशांवर असताना ती दुपारी चापून खाल्ली की सायंकाळी पाहुणा आपल्या दारात उभा! मी त्यांना शेवभाजी खाऊ नका असे म्हणत नाही. म्हटले तरी ऐकणार कोण? एकदाच, अर्ध्या वाटीने, शेव समोर टाकून घेऊन आणि रात्री उशिरा नव्हे, इतकेच सांगतो. नव्या अन्नाकडे एक-एक चतुर्थांशाने वळण्याचा पादांशिक क्रम चार दिवसांच्या सहलीत पूर्णपणे पाळता येत नाही. पण पहिल्या जेवणात नवा पदार्थ पाव भाग आणि उरलेला ओळखीचा, एवढे जमते.

या संदर्भात आपल्या मुक्ताईच्या पालखीतील वारकऱ्यांचे मला नेहमी कुतूहल वाटते. महिन्याहून अधिक काळ ते रोज नव्या गावी, परक्या चुलीवरचे जेवतात. त्यांच्याइतके 'बाहेरचे' कोण खाणार? तरी परतल्यावर माझ्याकडे येतात ते पायांच्या भेगा आणि गुडघे घेऊन. पोटाची तक्रार घेऊन येणारे थोडे. पिठले-भाकरी, वरण-भात असे गरम आणि साधे अन्न, जवळजवळ ठरलेली वेळ आणि दिवसभराची चाल. व्यायामी, दीप्ताग्नी आणि बलवान पुरुषास विरुद्धान्नही बाधत नाही, असा अपवाद चरकांनी नोंदवला आहे. मोटारीत आठ तास बसून राहणाऱ्या सहलकऱ्यास तो लागू होत नाही.

त्या मे महिन्यानंतर माझ्या रुग्णपत्रिकेवर मी एक छोटा रकाना वाढवला आहे : गेल्या तीन दिवसांतील प्रत्येक खाण्याची वेळ, ते ताजे होते की तापवलेले, आधीचे पचले होते काय, पाणी व बर्फ कोठला. पाच मिनिटे अधिक लागतात. जूनच्या गर्दीत मागचे रुग्ण कुरकुरतात. प्रवासाच्या पिशवीत आता वट्यांच्या चारच बाटल्या आणि सहा पुड्या असतात. आईचे मत मात्र अद्याप खोबऱ्यावरच ठाम आहे.