उसनवारीवर जगणारे रक्तपिपासू

रक्त पिणारे वटवाघूळ म्हटले, की डोळ्यांसमोर उभा राहतो तो ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वटवाघूळ व भुताटकी यांची सांगड अधिकच पक्की झाली. वस्तुतः व्हॅम्पायरच्या दंतकथा युरोपातल्या, तर रक्त पिणारी वटवाघळे अमेरिका खंडातली. दंतकथेतील पिशाचाचे नाव या प्राण्याला मागाहून चिकटले. जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत; त्यांपैकी केवळ रक्तावर जगणाऱ्या जाती अवघ्या तीन. मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंतच्या पट्ट्यातच त्या आढळतात. भारतात त्यांतील एकही नाही. भारतातील एका वटवाघळाला इंग्रजीत ‘फॉल्स व्हॅम्पायर’ म्हणतात खरे, पण ते कीटक, बेडूक आणि उंदरांवर गुजराण करते.

या तिघांपैकी सर्वांत परिचित जात म्हणजे ‘डेस्मोडस रोटंडस’. तिचे शरीर जेमतेम सात ते नऊ सेंटिमीटर लांबीचे आणि वजन २५ ते ४० ग्रॅम. गुहा, पोकळ झाडे, पडकी घरे ही तिची वसतिस्थाने. चांगला अंधार पडला, की ही वटवाघळे बाहेर पडतात आणि झोपलेल्या गाई, घोडे, डुकरे हेरतात. अनेकदा ती भक्ष्याजवळ जमिनीवर उतरून चालत, उड्या मारत पुढे सरकतात. त्यांना चक्क धावताही येते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. त्यांच्या नाकाभोवतीचे खळगे उष्णता टिपतात. त्यामुळे कातडीखालून वाहणारे उबदार रक्त नेमके कोठे जवळ आहे, ते त्यांना कळते.

हे वटवाघूळ रक्त शोषून घेते, हा समज मात्र चुकीचा आहे. वस्तऱ्यासारख्या धारदार दातांनी ते काही मिलिमीटरचा छेद घेते आणि पाझरणारे रक्त जिभेने चाटते. लाळेतील द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही. त्यांतील एका प्रथिनाला शास्त्रज्ञांनी ‘ड्रॅक्युलिन’ असेच नाव दिले आहे. एका वेळी ते स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके रक्त पिऊ शकते. एवढे ओझे घेऊन उडणे कठीण. म्हणून पिणे चालू असतानाच त्याची मूत्रपिंडे रक्तातील जादा पाणी बाहेर टाकू लागतात.

परंतु या खाद्याची दुसरी बाजू बिकट आहे. रक्तात असते ते मुख्यतः पाणी आणि प्रथिने. स्निग्ध पदार्थ व शर्करा अगदी कमी. त्यामुळे शरीरात साठा होत नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री उपास घडला, तर मृत्यू ठरलेला. आणि उपास तर नित्याचाच. कोणत्याही एका रात्री प्रौढांपैकी सुमारे सात टक्के, तर दोन वर्षांखालील पिलांपैकी जवळपास एकतृतीयांश रिकाम्या पोटी परततात, असे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांच्या अभ्यासात आढळले.

मग ही वटवाघळे जगतात कशी? उसनवारीवर. विल्किन्सन यांनी कोस्टारिकात या वटवाघळांचे निरीक्षण केले आणि १८८४ नव्हे, तर अगदी अलीकडे म्हणजे १९८४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पोट भरून आलेली मादी उपाशी सोबतिणीला स्वतःच्या पोटातील थोडे रक्त बाहेर काढून भरवते. ही मदत केवळ आप्तांपुरती नसते. जिने पूर्वी आपल्याला भरवले, तिला परत भरवण्याकडे कल असतो. अनोळखी वटवाघळे आधी एकमेकांची अंगे चाटून साफ करतात, ओळख मुरली की मगच रक्ताची देवाणघेवाण सुरू होते, असे जेराल्ड कार्टर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवून दिले.

लॅटिन अमेरिकेतील पशुपालकाला मात्र या स्नेहभावाचे कौतुक परवडणारे नाही. युरोपीय वसाहतींबरोबर गुरे आली आणि या वटवाघळांना आयतेच खाद्य मिळाले. त्यांच्या चाव्यातून रेबीज पसरतो. त्रिनिदादमधील डॉ. जोसेफ लेनॉक्स पवन यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हा संबंध सिद्ध केला. गुरे दगावतात, दुर्गम वस्त्यांत माणसेही बळी पडतात.

त्यावर योजलेला उपाय या प्राण्याच्या स्वभावावरच बेतलेला आहे. एका वटवाघळाला पकडून त्याच्या पाठीवर रक्त गोठू न देणारे विषारी मलम फासायचे आणि सोडून द्यायचे. वसाहतीत परतल्यावर सोबती त्याचे अंग चाटतात आणि अंतर्गत रक्तस्रावाने मरतात. पण कत्तलीने रेबीज आटोक्यात येतोच असे नाही. पेरूतील माहितीवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साथ पोहोचण्यापूर्वी संख्या घटवल्यास काहीसा उपयोग होतो. मात्र साथ आल्यानंतरच्या कत्तलीमुळे विषाणू नव्या भागांत पसरण्यास हातभार लागला असण्याची शक्यता आहे.

म्हणूनच गुरांच्या लसीकरणाबरोबर आणखी एका मार्गाचा शोध सुरू आहे. विषाऐवजी लसयुक्त मलम फासले, तर एकमेकांना चाटण्याच्या त्याच सवयीने ती लस वसाहतभर पोहोचू शकेल. चकाकणारा रंग मिसळलेल्या मलमाच्या चाचण्या पेरूत झाल्या असून, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा मार्ग यशस्वी ठरला, तर पशुपालकांची गुरे वाचतील आणि पिशाच म्हणून बदनाम झालेल्या या प्राण्याची कत्तलही टळेल.