कृष्णाकाठची वाई

आमच्या शाळेच्या परिसरास कॉटन ग्रीन हे नाव कसे पडले, हे आमच्या बालवाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. कोटामध्ये सेंट टॉमसच्या चर्चसमोर पूर्वी हिरवळीचे एक विस्तीर्ण मैदान होते व त्यावर कापसाच्या गाठी रचून त्यांचा व्यापार चाले. १८४४ साली हा बाजार कुलाब्यास हलला आणि पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीजवळ समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आला. बाजारामागोमाग नावही आले. आज कापसाचा तो व्यवहार पूर्वीसारखा राहिला नाही, गिरण्यांचे भोंगेही बंद झाले. नाव मात्र स्थानकाच्या पाटीवर कायम आहे.

अशा ह्या नव्या भूमीवर राहणारी माणसेही बहुतेक बाहेरगावाहून आलेली. वर्गात मुलांस 'तुमचे गाव कोणते?' असे विचारले असता कॉटन ग्रीन असे उत्तर सहसा मिळत नाही. कोणी रत्नागिरी म्हणतो, कोणी पाटण, कोणी जावळी, तर कोणी वाई. त्यांचे आजे-पणजे गिरण्यांत साचे चालविण्यास किंवा गोदीत व गोदामांत पोती वाहण्यास मुंबईस आले आणि येथेच राहिले. परंतु 'बरे, त्या गावाची काही माहिती सांगा,' असे म्हटले की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. जत्रेस गेलो होतो, आंबे खाल्ले, नदीत डुंबलो, ह्यापलीकडे बहुतेकांस सांगता येत नाही. हे पाहून आम्हांस असे वाटले की, निदान एका गावाची हकीकत तरी ह्या अंकात द्यावी. त्याकरिता आम्ही वाईची निवड केली आहे. लहानसे गाव पिढ्यान्‌पिढ्या कशाच्या आधाराने एकत्र नांदते आणि त्या नांदण्यात कोणास जागा मिळते व कोणास मिळत नाही, हे समजून घेण्यास वाईसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

वाई मुंबईपासून सुमारे २४० किलोमीटरांवर आहे. पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकीचा घाट उतरला की सुरूरच्या फाट्यावरून उजवीकडे वाट फुटते, ती वाईस जाते. कृष्णा नदी महाबळेश्वरास उगम पावते, डोंगरांच्या दोन रांगांमधून पूर्वेकडे उतरते, आणि खोरे जेथे रुंद होऊ लागते तेथे वाई वसली आहे. गावाच्या आसपास पांडवगड आणि वैराटगड हे दोन किल्ले पहाऱ्यास उभे असल्यासारखे दिसतात. पश्चिमेस पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. ह्या मोक्याच्या जागेमुळे खाली देशावरील धान्य, हळद व गूळ आणि वर डोंगरातील माल ह्यांची गाठ वाईच्या बाजारात पडे. नदीने पाणी दिले, गाळाने पीक दिले आणि घाटाने व्यापार दिला. नदीकाठची गावे वसतात ती बहुधा ह्याच तीन कारणांनी. मग ती नदी आपली कृष्णा असो की अमेरिकेतील ओहायो असो.

वाईचे नाव इतिहासात ठळकपणे येते ते शिवकाळात. हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि त्याची सुभेदारी अफझलखानाकडे होती. १६५९ साली खान शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याचा तळ वाईसच पडला होता. तेथूनच तो जावळीच्या रानात उतरला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. पुढे पेशवाईत वाईस भरभराटीचे दिवस आले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्या वाईच्या रास्ते घराण्यातील. ह्या घराण्याने वाईत देवळे, वाडे व घाट बांधून गावाचे रूपच पालटून टाकले.

ह्या बांधकामांपैकी ढोल्या गणपतीचे मंदिर आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. ते १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनी बांधविले. आतील गणपतीची मूर्ती अखंड दगडाची असून तिच्या भव्य आकारावरूनच लोकांनी देवास 'ढोल्या' असे लाडके नाव दिले. परंतु आम्हांस मूर्तीइतकेच कौतुक वाटले ते मंदिराच्या मागील भिंतीचे. हे मंदिर अगदी नदीच्या काठाशी आहे. पावसाळ्यात कृष्णेस पूर आला म्हणजे घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात आणि पाण्याचा लोंढा मंदिरावर येऊन आदळतो. सपाट भिंत असती तर तिने तो सारा धक्का अंगावर घेतला असता. म्हणून कारागिरांनी मागील भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, निमुळत्या टोकाची केली. त्या टोकाशी पाणी दुभंगते व दोन्ही बाजूंनी निघून जाते. होडीचा पुढील भाग किंवा पुलाचा खांब पाणी कापतो तो ह्याच तत्त्वाने. अडीचशेहून अधिक पावसाळे ह्या भिंतीने असे पार पाडले आहेत. विज्ञानाच्या तासास आपण जे आकृती काढून शिकतो, ते त्या काळच्या गवंड्यांनी नदीजवळ राहून, तिचा स्वभाव पाहून ओळखले होते.

वाईपासून तीनेक किलोमीटरांवर मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा व सुंदर घाट आहे. तेथील देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या; मेणवलीची घंटा त्यांपैकीच होय. तिच्यावर बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. समुद्राकाठच्या चर्चमधून निघालेली घंटा कृष्णाकाठच्या शिवालयाशी इतकी वर्षे नांदत आहे, हे पाहून आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो.

आता गावाच्या सामाजिक जीवनाकडे वळू. वाईचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव. वाईत नदीकाठी सात आळ्या व त्यांचे सात घाट आहेत: भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी. माघापासून चैत्रापर्यंत एकेका घाटावर क्रमाने हा उत्सव होतो. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती स्थापन होते, पूजा, कीर्तने व प्रवचने होतात आणि प्रसादाच्या पंगती उठतात. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून गावाने नदीस नवस केला व त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरागत कथा आहे. येथे देवता म्हणजे प्रत्यक्ष नदीच होय. तिला 'बाई' म्हणावे, घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीसारखा तिचा मान ठेवावा, ही त्यातील भावना आहे. उत्सवाची सर्व व्यवस्था ज्या त्या आळीने करावयाची असल्यामुळे मांडव कोणी घालावा, वर्गणी कोणी गोळा करावी, हिशेब कोणी ठेवावा, हे लहानपणापासून मुलांच्या अंगवळणी पडते. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात आमच्या मुलांस जे शिक्षण मिळते, ते वाईच्या मुलांस घाटावर मिळते.

वाईच्या जवळच बावधन गाव आहे. तेथे रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड निघते. दगडी चाकांचा तो प्रचंड लाकडी गाडा ओढण्यास बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लागतात. त्या दिवसाकरिता मुंबईतील चाकरमाने रजा काढून गावी जातात. आमच्या वर्गांतूनही त्या सुमारास काही बाके रिकामी दिसतात, हे पालकांस ठाऊक आहेच!

येथवर जे सांगितले ते गोड आहे. परंतु एवढेच सांगून थांबलो तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. वाईस दक्षिण काशी म्हणत. घाट होते, देवळे होती, वेदविद्या होती. परंतु ती साऱ्यांकरिता नव्हती. नदी सर्वांच्या दारावरून वाहत असली तरी तिचा कोणता काठ कोणी वापरावा, हे जातीवरून ठरे. हा दोष एकट्या वाईचा नव्हता. महाराष्ट्रातील गावोगाव हीच स्थिती होती. सह्याद्री ओलांडून पलीकडे उतरले की महाड लागते. त्या महाडास २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या बांधवांसह चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्याकरिता सत्याग्रह करावा लागला. बाबासाहेबांचे बालपणीचे शिक्षण ह्याच सातारा जिल्ह्याच्या ठिकाणी, साताऱ्यास, झाले होते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

ह्या बाबतीत वाईची विशेष गोष्ट अशी की, जुन्या विद्येच्या घरातूनच तेथे नव्या विचारास वाट मिळाली. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, त्यांनी १९१६ साली वाईस प्राज्ञपाठशाळा स्थापन केली. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शास्त्राध्ययनाकरिता येथेच आले. खानदेशातील पिंपळनेरचा एक मुलगा विद्येकरिता वाईस येऊन राहिला. तोच पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून प्रसिद्धीस आला. १९३२ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असता अस्पृश्यतेस शास्त्राचा आधार नाही हे दाखविण्याच्या कामी तर्कतीर्थांनी त्यांस साहाय्य केले. पुढील वर्षी गांधीजींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारी ह्यांची कन्या लक्ष्मी ह्यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्यही तर्कतीर्थांनीच केले. ज्या ग्रंथांच्या आधारे दारे बंद ठेवली जात, तेच ग्रंथ पुढे ठेवून त्यांनी दारे उघडण्याचा पक्ष मांडला. ह्यास विद्वत्तेइतकेच धैर्यही लागते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सर्व विषयांचे ज्ञान मराठीत आणण्याचे, म्हणजे मराठी विश्वकोशाचे, कार्य हाती घेण्यात आले. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ झाले आणि कचेरी मुंबई-पुण्यास न ठेवता वाईस थाटण्यात आली. पहिला खंड १९७६ साली निघाला व पुढे वीस खंडांत हे काम सिद्धीस गेले. गणित, वैद्यक, संगीत, शेती, प्राणिशास्त्र, जो विषय हवा तो त्यात मराठीतून वाचावयास मिळतो, आणि आता तर संगणकावरही तो कोणासही विनामूल्य पाहता येतो. जेथे एके काळी विद्या काही घरांपुरती होती, त्याच गावातून साऱ्या मराठी मुलांकरिता ज्ञानाचे भांडार निघाले. आमच्या मते वाईच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय. अफझलखानाचा तळदेखील तीपुढे दुय्यम ठरेल.

वाईजवळच्या पसरणी गावी १९२३ साली कृष्णराव साबळे जन्मले. तेच आपले शाहीर साबळे. त्यांचा आवाज गिरणगावातील चाळीचाळींतून घुमला. म्हणजे वाईच्या खोऱ्याने मुंबईस नुसते कामकरी हातच दिले असे नव्हे.

२०११ च्या शिरगणतीत वाईची लोकवस्ती सुमारे ३६ हजार भरली. गावाच्या वरच्या अंगास धोम येथे धरण झाल्यापासून शेतीस पाणी मिळाले. परंतु नदीचा पूर्वीचा मोकळा ओघ राहिला नाही. वस्ती वाढली तसे सांडपाणीही वाढले, आणि ज्या कृष्णाबाईची पूजा होते तिच्याच पात्रात ते जाऊ लागले. पंगत उठल्यावर पत्रावळी कोठे गेल्या, हा प्रश्नही पूजेइतकाच महत्त्वाचा आहे. सात घाट सात आळ्यांनी वाटून घेतले तेव्हा गावाने उत्सवाची जबाबदारी वाटून घेतली होती. तशीच पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी वाटून घेतली, तर नदीचा नवस खऱ्या अर्थाने फेडल्यासारखे होईल.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत तुमच्यापैकी कित्येक जण गावी जाल. ते वाई असो की दुसरे कोणते, तेथील एखाद्या वृद्ध माणसापाशी बसा. गावाची विहीर कोणी खणली, देऊळ कोणी बांधले, पाण्यावर कोणास येऊ देत नसत आणि ती बंदी केव्हा उठली, हे त्यांस विचारा व वहीत लिहून आणा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर त्यांस गप्प करू नये. जेवढे आठवते तेवढे खरे सांगावे. पुढील वर्षीच्या अंकात अशा वह्यांतील निवडक मजकूर छापण्याचा आमचा विचार आहे. त्यात कॉटन ग्रीनवरही कोणी लिहिले तर आम्हांस विशेष आनंद होईल. कारण तुमच्या मुलांना कोणी 'गाव कोणते?' असे विचारील, तेव्हा कदाचित ती हेच नाव सांगतील.