फिरकी : चेंडू हातातून सुटल्यानंतर

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. क्रिकेटवर बोलायला उभे राहिलो की मुरुडची पोरं हसतात. हसू देत. पण ओहोटीच्या वेळी पुळणीवर, ओल्या घट्ट वाळूत हीच पोरं टेनिसचा चेंडू हातभर वळवतात, आणि वर कोरड्या वाळूत तोच चेंडू रुतून बसतो. तिथूनच सुरुवात करू.

चेंडू बोटांतून सुटला की त्याला आणखी फिरवणारं कोणी नसतं. सेकंदाला ३० फेरे धरले, तर टप्पा पडेपर्यंत वीसेक होतात. तेवढा वेळ त्याचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा आपली दिशा धरून राहतो. आता आस वाटेला आडवा आहे आणि चेंडूची वरची बाजू पुढे फिरते आहे असं समजा. ती समोरून येणाऱ्या हवेशी भांडते. चेंडूमागे सुटणारा झोत वर वळतो, म्हणून हवा चेंडूला खाली दाबते. फलंदाजाला वाटतं त्याआधीच टप्पा पडतो. या परिणामाला माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव मिळालं, १८५२ च्या प्रयोगांमुळे. टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या वाटेबद्दल न्यूटनने १६७२ मध्येच लिहिलं होतं, ते असो.

आस वाटेच्याच दिशेने असला, बंदुकीच्या गोळीसारखा, तर हवेत आधी काहीच घडत नाही. पण चेंडू उतरू लागला की वाट कलते, आस मात्र तसाच राहतो. दोघांत कोन पडतो आणि चेंडू शेवटी शेवटी बाजूला सरकतो. मग टप्प्यावर घर्षण त्याला उलट बाजूला ओढतं. फलंदाज फसतो तो इथे.

हे ज्यांच्या बोटांत होतं ते बाळू पालवणकर. आडनाव आपल्याच कोकणातल्या पालवणचं, जन्म १८७६ चा, धारवाडचा. डावखुरे, संथ. पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकायचे; बॅट काही त्यांच्या हाती येत नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. लोक याला देणगी म्हणतात. आम्हाला तो शब्द पटत नाही. त्यात ते तास गडप होतात.

आणि एक गोष्ट आम्हाला अजून सुटत नाही. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलायचा, सगळे सवर्ण खेळाडू हाताळायचे, घासायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे कुठलं तर्कशास्त्र? आम्ही ते आयुष्यभर शिकवलं, आम्हाला सापडलं नाही. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला.

आता पोरांसाठी. टेनिसचा चेंडू अर्धा काळा रंगवा आणि फिरकी टाका. रंगाची कड हवेत लडबडली तर आस स्थिर नाही, बोट नीट सुटलेलं नाही. उद्या ओहोटीला या, आम्ही काठावर बसलेले असू.